काचेची नळी आणि २० मिनिटं

पावसाळा लागला की पेपरच्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते, "सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याचा रुग्णालयात नेताना वाटेतच मृत्यू". आपण वाचतो, म्हणतो साप जहरी असणार, आणि पान उलटतो. मला त्यातला "वाटेतच" हा शब्द फार टोचतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, बहुतेक सगळी खेड्यापाड्यातली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं औषध (एएसव्ही) आपल्याच देशात तयार होतं. मग माणूस वाटेत का जातो?

गेल्या वर्षी भातलावणीत माझ्या मामाला घोणस चावली. जवळच्या दवाखान्यात एएसव्ही होतं, पण रिअॅक्शन आली तर काय या भीतीने "पुढे न्या" म्हणून सांगितलं, आणि पुढे म्हणजे दीड तास. त्या दीड तासात अंगात काय चाललेलं असतं ते सांगतो.

आपल्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की रक्तातले फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी नंबर दिलेली प्रथिनं, एकापाठोपाठ एक जागे होतात, १० नंबरचा, त्याच्या जोडीला ५ नंबरचा, त्यातून थ्रॉम्बिन तयार होतं, थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे धागे बनवतं आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की झाली गुठळी. घोणशीचं विष नेमकं या १० आणि ५ नंबरला जागं करतं, जखम नसताना, अंगभर. म्हणजे विषाने रक्त पातळ होतं असं जे सगळे म्हणतात ते अर्धंच खरं, विष आधी रक्त गोठवायला लागतं, तेही इतक्या घाईने की काही तासांत फायब्रिनोजेनचा साठाच संपतो आणि मग गोठायला काही उरतच नाही. हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, किडनी बसते, कधी मेंदूत रक्तस्राव होतो.

आणि हे ओळखायला ना मशीन लागतं ना वीज! शिरेतून २ मिली रक्त काढायचं, काचेच्या कोरड्या नळीत घालायचं, नळी उभी ठेवायची, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करायची. रक्त वाहिलं तर साठा संपलाय, एएसव्ही लगेच सुरू. काचच का, तर काचेला रक्त लागलं की १२ नंबरचा फॅक्टर आपोआप जागा होतो, प्लास्टिकवर तसं होत नाही, त्यामुळे धडधाकट माणसाचं रक्तही प्लास्टिकच्या नळीत पातळ राहू शकतं. साबणाने धुतलेली काचही दगा देते. (मण्यारीचं वेगळं, तिचं विष मज्जातंतूंवर जातं, तिथे ही टेस्ट नॉर्मल येते, पापण्या जड होतायत का ते बघायचं.)

तालुक्याच्या हॉस्पिटलात सिस्टरने आमच्यासमोर नळी आडवी केली आणि रक्त कोकम सरबतासारखं वाहत गेलं. १० बाटल्या लावल्या. हिशोब असा की १० मिलीची एक बाटली, १ मिली औषध घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं, म्हणजे १० बाटल्या ६० मिलिग्रॅम, आणि घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम सोडते. यातही प्रदेशाची गोष्ट आहेच, हे औषध घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून बनवतात, ते विष मुख्यतः तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुला आदिवासींच्या सोसायटीतून येतं आणि त्याच जातीच्या सापाचं विष भागाभागात बदलतं, त्यामुळे सगळीकडे औषध सारखंच लागू पडेल असं नाही.

मांत्रिकाकडे नेऊन कडुलिंबाचा पाला चावायला देणारे अजून आहेत. बहुतेक साप बिनविषारी असतात, विषारी सापही कित्येकदा विष न सोडताच चावतो, ती माणसं तशीही जगणारच होती, नाव मात्र मंत्राचं होतं. खरी घोणस असेल तर तिथे गेलेला तास परत मिळत नाही.

पण सगळा दोष मांत्रिकावर टाकून मोकळं होता येत नाही. नियमाप्रमाणे सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे. पण डोंगरात ते २० हजार कितीतरी वाड्यांवर विखुरलेले, मध्ये ओढे, पेशंट झोळीतून न्यायचा. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला १९९२ मध्ये कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी हॉस्पिटलांनी परत पाठवलं, त्या केसमध्ये १९९६ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की वेळेवर उपचार न देणं म्हणजे कलम २१ चा, जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. "वेळेवर" म्हणजे किती, ते घोणशीच्या बाबतीत रक्तच सांगतं. पावडरच्या एएसव्हीला फ्रीजसुद्धा लागत नाही. वाडीजवळच्या केंद्रात काचेची नळी, १० बाटल्या आणि रिअॅक्शन आली तर लगेच अॅड्रेनलिन द्यायला शिकलेला माणूस, एवढं तरी हवंच.

मामाची टेस्ट ६ तासांनी पुन्हा केली, कारण लिव्हरला फायब्रिनोजेन परत बनवायला साधारण तेवढा वेळ लागतो. मध्यरात्र उलटून गेली होती. सिस्टरने नळी आडवी केली, मग पार उलटी केली, गुठळी तळाला घट्ट चिकटून राहिली, एक थेंब हलला नाही. मामी तिथेच बाकावर बसून रडायला लागली.