मांजराचं यकृत आणि फिनाईलचा पहारा

बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणालगत एक मैत्रीण राहते. जिन्याखाली मांजरांसाठी ठेवलेलं खाणं रोज रात्री तिसराच कुणी फस्त करायचा. चोर निघाला उदमांजर, म्हणजे कोकणातला कांडेचोर. नावात मांजर असलं तरी ते त्या कुळातलं नाही. रात्री हिंडतं, पाइपावरून सरसर चढतं, फळांपासून उंदरांपर्यंत त्याला सगळं चालतं. शेजाऱ्यांनी उपाय सुचवला: ताटलीभोवती काळं फिनाईल शिंपडा, दोन-चार डांबरगोळ्या टाका.

या उपायाने उदमांजर हटेल न हटेल, मांजराचा जीव मात्र जाऊ शकतो.

काळ्या फिनाईलमध्ये फिनॉल आणि त्याच्या जातीची संयुगं असतात. मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं. असला रेणू आपल्या पोटात गेला, तर यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाचं शेपूट जोडतं. शेपूट लागलं की तो पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. या जोडकामातलं एक महत्त्वाचं विकर (एन्झाइम) म्हणजे यूजीटी१ए६. मांजरात त्याचं जनुक आहे, पण मोडकं. वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडावा तसे त्यात बदल झालेत, त्यामुळे विकर तयारच होत नाही. अशा जनुकाला छद्मजनुक म्हणतात. जवळजवळ निव्वळ मांसावर जगणाऱ्याला वनस्पतींमधली विषं निकामी करायची वेळ फारशी आली नसावी, म्हणून हा बिघाड खपून गेला, असा तर्क आहे. सल्फेट जोडण्याची दुसरी वाट असते, पण ती लवकर तुंबते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, ती यामुळेच.

डांबरगोळीतल्या नॅप्थलिनपासून शरीरात बनणारी संयुगं तांबड्या पेशी फोडतात. हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिडीकरणाला चटकन बळी पडणारे सल्फर-हायड्रोजन गट माणसात २, कुत्र्यात ४ आणि मांजरात निदान ८ असतात. जितके गट जास्त, तितका पेशींना धोका जास्त.

 

मग करायचं काय? उदमांजर निशाचर आहे, मांजराला मात्र जेवणाची वेळ लावता येते. रोज ठरल्या वेळी, उजेड असतानाच वाढा. चार-पाच दिवसांत मांजरं आधीपासूनच येऊन बसू लागतात. अर्ध्या तासाने ताटली उचला, जमीन साध्या पाण्याने धुवा, कोरडं खाणं झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. उरलेल्या खाण्यावर रात्री भटकी कुत्री जमतात, आणि या उद्यानातल्या बिबट्यांच्या खाद्यात कुत्री आहेतच.

मैत्रिणीने साडेपाचची वेळ धरली. आता सव्वापाचलाच पायऱ्यांवर तीन शेपट्या हलत असतात. मुंग्या मात्र अजून येतात. त्यांच्यासाठी ताटली पाण्याच्या परातीत ठेवली आहे.