शिंग (बेळगाव सीमाभाग)

शिंग : गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी इत्यादी खुरी प्राण्यांच्या कपाळाच्या हाडातून निघणारा टणक अवयव. आत हाडाची जिवंत खुंटी व वर केराटिनाचे नखासारखे आवरण, अशी त्याची रचना असते. हे आवरण वाढत राहते, गळत नाही. सांबर-चितळांची शिंगे मात्र निव्वळ हाडाची, फाटे फुटलेली व ठरावीक काळाने गळणारी. इंग्रजीत या दोन प्रकारांना वेगळे शब्द आहेत. मराठीने दोहोंना एकाच नावात बसवले.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग या पट्ट्यात मराठी ‘शिंग’, कन्नड ‘कोडु’ किंवा ‘कोंबु’ आणि इंग्रजी ‘हॉर्न’ हे तिन्ही शब्द एकाच घरात ऐकू येतात. संस्कृत शृंग, प्राकृत सिंग, मराठी शिंग ही परंपरा निर्विवाद आहे. इंग्रजी शब्दही त्याच इंडो-युरोपीय मुळाचा, म्हणजे शिंगाचा दूरचा भाऊबंद. पण आपल्याकडे तो गाडीवर बसून आला आणि गाडीपुरताच राहिला. इंग्रजीत जनावराचे शिंग फुंकण्यावरून वाद्याला व पुढे मोटारीच्या भोंग्याला तेच नाव पडले. बैलाच्या शिंगाला हॉर्न कोणी म्हणत नाही.

वाद आहे तो ‘बाशिंग’ या शब्दाविषयी. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, बैलाच्या कपाळावर बाशिंग चढते, ते शिंगांना बांधतात, म्हणून शब्दात ‘शिंग’ आहे अशी समजूत आहे. ती सोयीची असली तरी टिकणारी वाटत नाही. कन्नडमध्ये ‘बासिग’ व ‘बासिंग’ अशी दोन्ही रूपे आढळतात, तेलुगूत ‘बासिकमु’ आहे, तमिळमध्ये ‘वासिगै’ म्हणजे फुलांची माळ. यांतील अनुस्वार नसलेल्या रूपांत शिंग शोधायचे कुठे? बाशिंगातला ‘श’ही शिंगाकडून उसना घ्यावा लागत नाही, ‘इ’च्या आधीच्या ‘स’चा ‘श’ होणे हा मराठीचा नेहमीचा ध्वनिनियम आहे व खुद्द ‘सिंग’चे ‘शिंग’ही त्यानेच झाले. तेव्हा शब्द दक्षिणेकडून आला आणि साम्यामुळे शिंगाशी जोडला गेला, हे मत अधिक ग्राह्य ठरते. शिवाय बाशिंग मुळात नवरानवरीच्या कपाळावरचे. ‘गुडघ्याला बाशिंग बांधणे’ यात तर बैलही नाही.

या भागातील खिल्लार बैलाची शिंगे लांब, निमुळती, मागे झुकून धनुष्यासारखी वर वळलेली असतात. सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या प्रयत्नातून साधारणतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाल्याचे मानले जाणाऱ्या कृष्णाकाठच्या जातीची शिंगे आखूड असतात. शिंगावरच्या वळ्यांत 2 मिळवून जनावराचे वय काढण्याचा ठोकताळा आहे. म्हणूनच बाजारात तासून गुळगुळीत केलेल्या शिंगांकडे जाणकार संशयाने पाहतो आणि दात बघतो. ज्येष्ठ पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला, म्हणजे कारहुणवीला, शिंगे रंगवून टोकांना पितळी शेंब्या घालतात. कन्नड शेतकरी त्यांना कोडणसू म्हणतो.

लाक्षणिक अर्थांत दोन्ही भाषा बऱ्याचदा एका दावणीला असतात. ‘तुला काय शिंगं फुटलीत?’ हा उर्मट पोराला विचारायचा प्रश्न कन्नडमध्ये कोडु घालून जसाच्या तसा विचारतात. ‘अंगावर आला तर शिंगावर घेऊ’ हे सभेतले वाक्य. निवडणुकीचे किंवा आंदोलनाचे ‘रणशिंग’ वृत्तपत्रांतले. प्रौढाने पोरांत मिसळणे म्हणजे ‘शिंगे मोडून वासरांत शिरणे’. अशक्य गोष्टीला शशशृंग, सशाचे शिंग, म्हणतात, पण ते पंडिती वळणाचे आहे. शिवारात ऐकू येत नाही.

कोंबु शब्दाचा एक अर्थ मराठी शिंगाला नाही. कन्नड लिपीत उकाराच्या चिन्हाला कोंबु म्हणतात. सीमाभागातील मूल मराठीच्या तासाला ‘कु’ला उकार देते आणि कन्नडच्या तासाला त्याच अक्षराला शिंग लावते.

शिंगाडा हे पाणफळ व शिंगटी हा काटेरी मासा ही नावे शिंगासारख्या टोकांवरून पडली.