स्कीमा

पूर्वानुभवातून मनात घडलेली आणि नवी माहिती समजून घेताना नकळत वापरली जाणारी चौकट म्हणजे स्कीमा. जे सांगितलेलेच नसते ते ही चौकट भरून काढते. जे तिच्यात बसत नाही ते गाळते किंवा ओळखीच्या रूपात बदलते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचे यावरचे प्रयोग 1932 मध्ये ग्रंथरूपाने आले. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा इंग्रज वाचक पुनःपुन्हा आठवून सांगू लागले, तशी ती आखूड होत गेली आणि सीलची शिकार मासेमारी झाली. मुद्दाम कोणी काही बदलले नव्हते.

पैठणच्या जायकवाडी धरणाच्या टक्केवारीतही हेच घडते. धरणाचा उपयुक्त साठा 2171 दलघमी (दशलक्ष घनमीटर), आपोआप बाहेर न वाहणारा तळाचा मृतसाठा 738 दलघमी. टक्केवारी काढली जाते ती फक्त उपयुक्त साठ्याची. ‘जायकवाडी शून्यावर’ हे वाचणाऱ्याच्या मनात मात्र तळ दिसणारा रांजण असतो. प्रत्यक्षात मृतसाठ्याचे सुमारे 26 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी शिल्लक असते आणि टंचाईत त्यातूनच उपसा होतो. मग ‘उणे 5 टक्के’ असे छापून आले की ती छपाईची चूक वाटते.

पेरणीच्या तोंडावर ही गफलत महागात पडते. हवामान खात्याच्या भाषेत ‘मध्यम पाऊस’ म्हणजे 24 तासांत 15.6 ते 64.4 मिमी, आणि ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. मृगाची वाट पाहणाऱ्याच्या कानावर यातले ‘पाऊस’ एवढेच पडते. सोयाबीनच्या पेरणीआधी 75 ते 100 मिमी पाऊस व्हावा, असा सल्ला दिला जातो. एका सरीवर पेरले आणि खंड पडला की उगवण करपते, दुबार पेरणी येते. मागच्या वर्षी पोळलेला शेतकरी तोच अंदाज ऐकून चाड्यावरची मूठ आवरतो. नक्षत्राचे वाहन म्हैस किंवा बेडूक निघाले की भरपूर पावसाची अपेक्षा बांधली जाते. ती खरी ठरलेली वर्षे तेवढी लक्षात राहतात.

खरी माहिती पुनःपुन्हा सांगून फारसे साधत नाही, कारण ती जुन्याच चौकटीत जिरते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी असे सामावून घेणे आणि चौकटच बदलणे या दोन क्रिया वेगळ्या मानल्या. दुसरी घडायला अपेक्षा आणि अनुभव यांतला फरक स्वतः पाहावा लागतो. म्हणून गावबैठकीत ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी. त्याला ‘हो’च येते. ‘हे ऐकून उद्या रानात काय करणार?’ असे विचारले की चौकट उघडी पडते. पावसाचा आकडा शेतकऱ्यालाच मोजू द्यावा. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा झाड-भिंतीपासून दूर, उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाण्याची खोली मोजून तो रिकामा करावा. बादली चालत नाही: ती वर रुंद, खाली निमुळती असल्याने आकडा फुगतो, आणि 40 मिमीच्या पावसावर पेरणीची घाई होते.