हॉस्पिटल वाचवायचं, पण कसं? ब्रिटनमधल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

हॉस्पिटल बंद होणार अशी बातमी आली की सगळा भाग एक होतो असं बाहेरून वाटतं, आणि सुरुवातीला होतोही. मग एखाद्या मिटिंगमध्ये कोणीतरी विचारतं की सह्या झाल्या, मोर्चा झाला, आता पुढे काय, आणि तिथून फाटायला लागतं. बघणारे म्हणतात इगो आहेत, पार्टीपॉलिटिक्स आहे. ते असतंच, नाही कशाला म्हणा. पण ब्रिटनमधली गेली पन्नासेक वर्षं बघितली तर तेच भांडण प्रत्येक ठिकाणी नव्याने झालेलं दिसतं, आणि त्याचं मूळ माणसांच्या स्वभावात कमी आणि हॉस्पिटल ज्या पद्धतीने बंद केलं जातं त्यात जास्त आहे असं माझं मत.

थोडं मागे जाऊ. 1948 मध्ये एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली तेव्हा सरकारच्या पदरात शेकडो जुनी छोटी हॉस्पिटलं पडली, कुठलं धर्मादाय, कुठलं नगरपालिकेचं. 1962 मध्ये आरोग्यमंत्री एनोक पॉवेलने मोठा प्लॅन आणला, 90 नवीन हॉस्पिटलं, 134 ची मोठी सुधारणा, आणि प्रत्येक जिल्ह्याला 600 ते 800 खाटांचं एक मोठं जनरल हॉस्पिटल. म्हणजे छोटी हळूहळू बंद. यात वैद्यकीय तथ्य नव्हतं असं नाही, एका छताखाली सगळे स्पेशालिस्ट असले तर पेशंटचा फायदाच, आणि पहिली फट इथेच पडते, कारण मोहिमेतल्या डॉक्टरला हा मुद्दा अर्धा पटलेला असतो आणि शेजारी बसलेल्या सफाई कामगाराची नोकरी जाणार असते.

1976 ला गोष्ट पेटली. सरकार लेबरचं, म्हणजे कामगारांच्या पार्टीचं, आयएमएफचं कर्ज, आणि खर्चात कपात. म्हणजे ज्या युनियनवाल्यांनी लढायचं त्यांच्याच पार्टीच्या सरकारविरुद्ध. लंडनच्या युस्टन रोडवर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन हॉस्पिटल होतं, बायकांनी बायकांसाठी चालवलेलं. ते बंद करायचं ठरलं तेव्हा तिथल्या स्टाफने नोव्हेंबर 1976 मध्ये वर्क-इन सुरू केलं. वर्क-इन म्हणजे संपाच्या बरोबर उलटं, काम बंद करायचं नाही, तर बंद करा म्हटलं तरी काम करतच राहायचं. आयडिया 1971 च्या क्लाइड नदीवरच्या जहाज कारखान्यांतली, पण हॉस्पिटलला ती जास्त फिट बसते, कारण जोपर्यंत आत पेशंट आहेत तोपर्यंत प्रशासनाला पगार द्यावाच लागतो, औषधं पुरवावीच लागतात.

पण सगळा खेळ पेशंटवर, आणि पेशंट पाठवतात डॉक्टर. डॉक्टरांनी पेशंट पाठवणं थांबवलं की खाटा रिकाम्या, आणि रिकामं हॉस्पिटल बंद करायला कोणाची परवानगी लागते? त्यामुळे एक गट म्हणायचा डॉक्टरांना दुखवू नका, भाषा जपून वापरा, लाल झेंडे मागे ठेवा. दुसरा म्हणायचा डॉक्टरांच्या मर्जीवर किती दिवस काढणार, आजूबाजूच्या हॉस्पिटलांत संप घडवून आणा, खरी ताकद तिथे आहे. दोघंही बरोबर होते, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

पश्चिम लंडनमधल्या हाउन्सलो हॉस्पिटलमध्ये 1977 ला असंच वर्क-इन चालू होतं. 6 ऑक्टोबरला प्रशासनाची माणसं आत शिरली, 21 पेशंट उचलून दुसरीकडे हलवले, वॉर्डातलं सामान मोडलं. पेशंट गेले म्हणजे वर्क-इन संपलं. मग उरलेल्यांनी रिकाम्या इमारतीवर ताबा ठेवला, म्हणजे ऑक्युपेशन, आणि प्रश्न बदलला, की पेशंट नसलेली इमारत धरून काय मिळवायचं? काहींना ती थकवणारी राखणदारी वाटली. काहींना वाटलं की हाच आता देशभरातल्या कपातीविरुद्धचा अड्डा व्हावा, आणि तिथून इतर हॉस्पिटलांच्या लढ्यांना जोडणारी फाइटबॅक नावाची मोहीम उभीही राहिली. आपलं हॉस्पिटल की सगळी हॉस्पिटलं, हा वाद तेव्हापासून काही सुटलेला नाही.

माझ्या मते सगळ्यात पेचाची जागा मात्र ऑक्युपेशन वगैरे नाहीच, ती सरकारी कागदात होती. 1974 मध्ये पेशंटांची बाजू मांडायला कम्युनिटी हेल्थ काउन्सिल नावाच्या समित्या केल्या. समितीने हॉस्पिटल बंद करायला हरकत घेतली तर निर्णय थेट मंत्र्याकडे जायचा, म्हणजे चांगलंच हत्यार. अट एकच, नुसतं नाही म्हणून चालणार नाही, पर्यायी प्रस्ताव द्या. आता बघा, बजेट तेवढंच असताना पर्याय म्हणजे काय, तर हे नको ते बंद करा. म्हणजे शेजारच्या भागातल्या वॉर्डचा पत्ता आपणच कट करायचा, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. एक गट म्हणणार आकडे मांडल्याशिवाय कोणी सीरियसली घेणार नाही, दुसरा म्हणणार आकड्यात शिरलात की हरलात. इंग्लंडमध्ये त्या समित्या 2003 मध्ये गुंडाळल्या, पण पर्याय द्यायचा की नाही हा प्रश्न नंतरच्या प्रत्येक कन्सल्टेशनमध्ये, म्हणजे बंद करण्याआधी लोकांची मतं मागवतात तेव्हा, तसाच येतो.

त्या जुन्या लढ्यांचं पुढे काय झालं? युस्टन रोडचं हॉस्पिटल वाचलं, पण लहान स्त्रीरोग युनिट म्हणून, मग याला जिंकलो म्हणायचं का यावरही दोन मतं. त्या जुन्या इमारतीचा भाग आता युनिसन या सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनच्या हेडऑफिसात आहे, हे जरा गमतीशीरच. क्लॅपहॅमचं साउथ लंडन हॉस्पिटल फॉर विमेन 1984 ला बंद झालं, बायकांनी ते काही महिने ताब्यात ठेवलं, 1985 च्या मार्चमध्ये त्यांना बाहेर काढलं, आणि आज तिथे सुपरमार्केट आहे, वर फ्लॅट.

ऑक्युपेशनचा जोर ओसरल्यावर मतपेटीचा रस्ता आला. इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावची कॅज्युअल्टी 2000 मध्ये बंद झाली, आणि 2001 च्या निवडणुकीत रिचर्ड टेलर हे रिटायर्ड डॉक्टर अपक्ष उभे राहून लेबरच्या सिटिंग खासदाराविरुद्ध 17,630 च्या फरकाने निवडून आले, लिबरल डेमोक्रॅट्सनी तर त्यांच्यासाठी उमेदवारच दिला नाही. 2005 ला परत जिंकले. पण कॅज्युअल्टी काही परत आली नाही. पक्षात राहून दबाव आणा म्हणणारे आणि सगळ्या पक्षांना धडा शिकवा म्हणणारे, दोघंही तेव्हापासून हेच उदाहरण देतात, फक्त अर्ध-अर्ध.

आणि मग दक्षिण लंडनमधलं लुइशम. शेजारची हॉस्पिटलं चालवणाऱ्या साउथ लंडन हेल्थकेअर ट्रस्ट या एनएचएसच्याच संस्थेचं दिवाळं निघालं, पीएफआयच्या, म्हणजे खाजगी पैशातून हॉस्पिटल बांधून वर्षानुवर्षं फेडायच्या, हप्त्यांचा त्यात मोठा वाटा, 2012 मध्ये सरकारने तिथे खास प्रशासक नेमला, आणि त्याने उपाय काय सुचवला तर ज्याचा त्या ट्रस्टशी संबंधच नाही त्या लुइशम हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा दर्जा कमी करा. जानेवारी 2013 मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले, तरी मंत्री जेरेमी हंट यांनी थोडा फेरफार करून निर्णय रेटलाच. मोहीम आणि लुइशम काउन्सिल, म्हणजे तिथली पालिका, दोघंही कोर्टात गेले. कोर्टाचा खर्च, वकिलांची जपून बोलायची सवय, आणि केस लागली की रस्त्यावरचा जोर कमी होतो ही भीती, हे आक्षेप अशा प्रत्येक केसच्या वेळी निघतात आणि ते खोटे नसतात. इथे मात्र जुलै 2013 मध्ये हायकोर्टाने आणि ऑक्टोबरमध्ये अपील कोर्टाने सांगितलं की प्रशासकाचा अधिकार त्याच्या ट्रस्टपुरताच. जिंकले. पण मुद्दा अधिकाराचा होता, हॉस्पिटलच्या गरजेचा नाही. त्याच वर्षी उत्तर लंडनच्या चेस फार्मची कॅज्युअल्टी वाचवायला तिथलं काउन्सिलही कोर्टात गेलं होतं, हरलं, आणि डिसेंबरमध्ये ती बंद झाली.

लुइशमचा निकाल लागल्यावर सरकारने 2014 च्या केअर ॲक्टमधून कायदा बदलून खास प्रशासकाला शेजारच्या ट्रस्टपर्यंत हात घालायची सोय करून घेतली. कोर्टवाले म्हणाले बघा, कायदाच बदलावा लागला इतका आमचा निकाल भारी पडला. रस्त्यावाले म्हणाले बघा, एका कलमात सगळं पुसलं.