अंदाज ते प्रोजेक्टेड : नागपूरच्या धंद्यातल्या आखणीची पार्श्वभूमी

संत्र्याचा बगीचा उभ्या पिकावर घेणारा व्यापारी काटोल-नरखेडकडे जातो तेव्हा आंबिया बहाराची फळं अजून हिरवी असतात. तो दोन-चार ओळींतून चालतो. काही झाडांखाली थांबून फांदी बाजूला सारतो आणि आतली फळं बघतो, कारण बाहेरून लदलेलं झाड आतून मोकळं निघू शकतं. एकूण झाडं किती ते विचारतो, मनाशी गुणाकार करतो आणि एक आकडा बोलतो. घासाघीस होते, इसार हातात पडतो, उरलेली रक्कम तोडणीच्या वेळी. या सगळ्या खटाटोपाला बाजारात एकच शब्द आहे : अंदाज.

तो चुकतोही. फळगळ होते, गारपीट होते, ऐन तोडणीत नागपूरच्या कळमना बाजारात भाव पडतो. पण सौदा करतानाच, उलटं झालं तर आपलं किती जाईल, हे व्यापाऱ्याने धरून ठेवलेलं असतं. (सौदा मोडून तो निघून गेला की शेतकऱ्याचं काय होतं, हा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे. तो इथे बाजूला ठेवावा लागतो.) फार आखणी न करता धंद्यातले निर्णय कसे घ्यावेत, यावर सध्या शहरात जे बोललं जातं, त्याचं मूळ या एका शब्दाच्या प्रवासात आहे असं मला वाटतं.

जुना काळ थोडक्यात. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्या मुंबईत काढायच्या अशी रीत असताना संस्थापकांनी कापूस पिकतो तिथे, कोळशाच्या जवळ जागा धरली, आणि हा निर्णय पुरता विचार करून घेतला. यंत्रं मात्र सुरुवातीला स्वस्तातली घेतली. सूत चांगलं निघेना, तेव्हा ती बदलली. पुढे सूत कातायच्या नव्या तऱ्हेच्या रिंग चात्या आल्या. इंग्लंडमधल्या गिरण्या त्यांच्याकडे संशयाने पाहत होत्या, त्या वेळी इथे त्या लावून पाहिल्या गेल्या आणि जमतंय असं दिसल्यावर वाढवल्या. जागा एकदा धरली की हलवता येत नाही. यंत्र बदलता येतं. हा फरक त्या काळात कुठे लिहून ठेवलेला नव्हता, तरी पाळला गेला.

आखणी मुळातच वाईट असं म्हणायचं नाही. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात झाली आणि तिथे ठरलेला वीस वर्षांचा रस्ते आराखडा आजही 'नागपूर प्लॅन' म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. शंभर चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ता, असं त्याचं लक्ष्य होतं. रस्त्यांच्या लांबीपुरतं ते मुदतीआधीच गाठलं गेलं. रस्ता एकदा टाकला की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो, म्हणून त्याला वीस वर्षांचा नकाशा शोभतो. लोखंडी खिडक्या-दारं करणाऱ्या वर्कशॉपला तो शोभेलच असं नाही.

दुसऱ्या प्रकारची आखणी १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर आली. कारखाना काढायला परवाना लागे आणि किती माल काढायचा तेही परवान्यात लिहिलेलं असे. मागणी आली म्हणून जास्त माल काढणं ही चूक ठरे. आपण काय करणार हे आधी सरकारी कागदावर लिहायचं आणि मग त्या कागदाला धरून राहायचं, ही सवय तेव्हाची. २४ जुलै १९९१ च्या धोरणाने १८ उद्योग सोडून बाकीच्यांचा परवाना गेला. सवय गेली नाही. ती बँकेच्या फायलीत शिरली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरा गुंता या ठिकाणी आहे.

मराठीत 'बजेट'ला दोन शब्द आहेत. जुना 'अंदाजपत्रक', नवा 'अर्थसंकल्प'. महापालिकेत दोन्ही कानावर पडतात, आणि बांधकाम खात्यात एस्टिमेटला अजूनही अंदाजपत्रकच म्हणतात. कागद एकच असला तरी दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. अंदाज चुकला तर तो सुधारायचा असतो. संकल्प मोडला तर तो मोडणाऱ्याचा दोष असतो. लहान धंद्यात नव्वदच्या दशकात तिसरा शब्द आला : 'प्रोजेक्टेड', म्हणजे बँकेला दाखवायची पुढच्या वर्षांची अंदाजित विक्री. त्याने अंदाजाचा वेश घेतला आणि वागणूक संकल्पाची ठेवली.

लहान उद्योगांना खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा, पुरेसं मिळत नाही, ही तक्रार खरी होती. त्यासाठी नेमलेल्या समितीने १९९२ मध्ये सोपा हिशेब सुचवला. वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के ही खेळत्या भांडवलाची गरज धरायची. त्यातले ५ टक्के मालकाने घालायचे, २० टक्के बँकेने द्यायचे. म्हणजे एक कोटीची उलाढाल दाखवली तर पाच लाख स्वतःचे आणि वीस लाख बँकेचे. आधीची किचकट मोजणी लहान माणसाला झेपत नव्हती. तिच्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं, हे मान्य केलं पाहिजे.

वाद 'अंदाजित' या शब्दावर आहे. बँकेच्या बाजूचं म्हणणं असं की गेल्या वर्षीच्या विक्रीवरच कर्ज दिलं तर नव्या कारखान्याला काहीच मिळणार नाही आणि वाढणाऱ्याचा गळा आवळला जाईल. मुद्दा बरोबर आहे. पण ज्याला वीस लाख हवेत तो एक कोटी लिहिणार, हेही तितकंच उघड होतं. हिशेब उलटा सुरू झाला. आधी कर्जाचा आकडा, मग त्याला पुरेल एवढी विक्री, मग त्या विक्रीला शोभेल एवढा कच्चा माल. नव्वदच्या दशकात हिंगणा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे असे तक्ते मी स्वतः भरले आहेत. पाच रकाने, दर रकान्यात आधीच्या विक्रीवर १५ टक्के वाढ. शेवटच्या रकान्यात विक्री जवळपास दुप्पट झालेली असे. एका फॅब्रिकेशनवाल्याने सही करता करता विचारलं होतं, "भाऊ, एवढा माल घेईल कोण?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कर्ज मंजूर झालं. तक्त्यात दुसरं प्रेस मशीन होतं म्हणून त्याने ते घेतलं. पुढची दोन वर्षं ते मशीन आठवड्यातून दोन दिवस चाललं.

वर्षअखेरीला फाइल परत उघडे. प्रोजेक्टेड किती, प्रत्यक्षात किती, फरक का, हे विचारलं जाई. म्हणून मार्चमध्ये उधारीवर माल ढकलायचा आणि आकडा जवळ आणायचा. ती उधारी वसूल व्हायला दिवाळी येई. वाईट निर्णय आखणी नसल्यामुळे होतात असं सगळीकडे शिकवलं जातं. इथे मात्र आखणीशी इमान राखण्यासाठी वाईट निर्णय घेतले जात होते. या बाजूकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि ती आखणी टिकत तरी किती होती? २०१२ च्या शेवटी इतवारीतल्या एखाद्या किराणा ठोक व्यापाऱ्याने केलेला पाच वर्षांचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. एप्रिल २०१३ मध्ये नागपुरात जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी. यातलं बहुतेक काही त्याच्या रकान्यांत नसणारच. २०१७ मध्ये नवा तक्ता केला असेल तर मार्च २०२० ने तोही निकालात काढला. त्या काळात जे तगले ते बहुधा लहान मापाने चालणारे होते : "पह्यले एक गाडी उतरवून पाहू, मग बोलू."

अभ्यासकांनी हे बऱ्याच आधी, फार दूरवर, वेगळ्या वाटेने ओळखलं होतं. १९५० च्या दशकात एका अमेरिकन विद्वानाने मांडलं की माणसाला सगळी माहिती मिळत नाही आणि मिळाली तरी ती पेलत नाही. म्हणून तो सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. त्याला १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७९ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस सवयीने कमी धरतो. २००१ मध्ये भारतात जन्मलेल्या एका संशोधिकेने अमेरिकेतल्या २७ मुरलेल्या उद्योजकांच्या विचाराची पद्धत मांडली. हे लोक किती मिळेल याचं भाकीत करण्यापेक्षा किती गेलं तर चालेल हे आधी ठरवतात, असं तिला दिसलं. अंथरूण पाहून पाय पसरावे असं आपण म्हणतो, ते साधारण हेच. बगीच्यातला इसारही याच हिशेबाचा.

या कल्पना इकडे आल्या त्या मात्र बहुतेक २०१० नंतर, स्टार्टअपच्या भाषेत. त्यामुळे एक गैरसमज पसरला : आखणी नको म्हणजे विचार नको. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट घेणं, वीस वर्षांचा भाडेकरार करणं, घर तारण ठेवणं, भागीदार आत घेणं हे निर्णय परत फिरत नाहीत. त्यांना महिना लागला तरी चालेल. नवा माल शेल्फवर ठेवायचा की नाही याला दोन दिवस पुरतात, कारण नाही खपला तर परत पाठवता येतो. पहिल्या प्रकाराला दुसऱ्याची घाई लावणारे बुडतात. दुसऱ्याला पहिल्याचा वेळ देणाऱ्यांचा हंगाम निघून जातो, आणि नागपुरात हे दुसरे जास्त दिसतात. दिवाळीचा माल मागवायचा की नाही यावर तिघे भाऊ नवरात्र संपेपर्यंत बैठका घेत राहतात.

बँकांची पद्धतही हळूहळू बदलते आहे. लहान कर्जासाठी आता जीएसटी विवरणपत्रं आणि खात्याचा उतारा आधी बघतात, म्हणजे झालेली विक्री बघतात. २० टक्क्यांचा नियम तसाच आहे. त्यामुळे अंदाजित उलाढालीचा तक्ताही फायलीत लागतोच, आणि १५ टक्क्यांचं सूत्र आता संगणकात भरून ठेवलेलं असल्यामुळे पाच रकाने एका मिनिटात तयार होतात. एवढा माल घेईल कोण, हे विचारायला त्यात जागा ठेवलेली नाही.