सेंद्रिय अन्नातून नेमके काय मिळते?

अमेरिकेतील सिॲटल परिसरात तीन ते अकरा वर्षे वयाच्या २३ मुलांवर केलेला एक छोटा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. या मुलांनी पहिले तीन दिवस घरचा नेहमीचा आहार घेतला, पुढचे पाच दिवस त्यांच्या ताटातील बहुतेक फळे, भाज्या आणि धान्याचे पदार्थ सेंद्रिय होते, आणि त्यानंतर सात दिवस पुन्हा पहिलाच आहार सुरू राहिला. या काळात त्यांच्या लघवीचे नमुने तपासले गेले. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या दोन कीटकनाशकांचे शरीरात विघटन होऊन जे पदार्थ तयार होतात, त्यांचे प्रमाण सेंद्रिय आहार सुरू होताच इतके खाली आले की बहुतेक नमुन्यांत ते मोजताही येईना. नेहमीचा आहार परत सुरू झाल्यावर ते पुन्हा दिसू लागले. ही दोन्ही नावे आपल्याला अपरिचित नाहीत. मॅलॅथिऑनचा उपयोग डासांविरुद्धच्या फवारणीत होत आला आहे आणि क्लोरपायरिफॉस वाळवीच्या बंदोबस्तासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे विकले गेले आहे.

सेंद्रिय अन्नाच्या बाजूने जे दावे केले जातात त्यांपैकी सर्वांत भक्कम पुरावा आहे तो याच दाव्याला: सेंद्रिय अन्न खाल्ल्याने शरीरात जाणारी कृत्रिम कीटकनाशके कमी होतात. मात्र या अभ्यासाने मुलांचे आरोग्य सुधारल्याचे दाखवलेले नाही. तो त्याचा विषयच नव्हता. संपर्क कमी होणे आणि आजार कमी होणे यांच्यामध्ये मात्रेचा प्रश्न उभा असतो, आणि सेंद्रिय अन्नाचे समर्थक व टीकाकार दोघेही नेमका तोच प्रश्न घाईने ओलांडून जातात.

एखाद्या कीटकनाशकाची सुरक्षित मात्रा ठरवताना प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय दिसत नाही ती शोधली जाते आणि सामान्यतः तिला शंभराने भागले जाते. हे शंभर म्हणजे दहा गुणिले दहा: एक दहापट प्राणी आणि माणूस यांच्यातील फरकासाठी असते, दुसरी माणसामाणसांतील फरकासाठी. आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी ही मर्यादा मानली जाते. भाजीत किंवा फळात किती अवशेष चालतील याची कमाल मर्यादा मात्र वेगळी असते. औषध शिफारशीप्रमाणे वापरले तर काढणीच्या वेळी किती उरते, याच्या शेतावरील चाचण्यांवरून ती ठरते. म्हणून एखाद्या नमुन्याने ही मर्यादा ओलांडली म्हणजे तो विषारी झाला असे नाही; फवारणी चुकीच्या प्रमाणात किंवा चुकीच्या वेळी झाली, असा त्याचा पहिला अर्थ आहे. दुसऱ्या बाजूने हेही खरे की या मर्यादा बहुतांशी एकेका रसायनासाठी स्वतंत्रपणे ठरतात, तर ताटात अनेक रसायनांचे अंश एकत्र येतात आणि त्यांच्या एकत्रित परिणामांविषयीचे ज्ञान अजून तोकडे आहे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी बाळगावी, हा आग्रह त्यामुळे मला अवाजवी वाटत नाही.

पौष्टिकतेच्या दाव्याची स्थिती याहून कमकुवत आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सेंद्रिय अन्न ठळकपणे अधिक पौष्टिक असल्याचा सबळ पुरावा त्यांना मिळाला नाही. दोन वर्षांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ३४३ शोधनिबंधांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सेंद्रिय पिकांत पॉलिफिनॉलसारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. या फरकामागे तर्कसंगत कारणे आहेत. भरपूर नत्र मिळालेले झाड पाने आणि फांद्या वाढवण्यावर भर देते; नत्र मोजके असेल आणि किडीला स्वतःच तोंड द्यावे लागत असेल, तर ते संरक्षक द्रव्ये अधिक बनवते. कॅडमियम हा स्फुरदयुक्त रासायनिक खतांच्या कच्च्या खनिजातून जमिनीत उतरू शकतो. तरीही सेंद्रिय टोमॅटोतील जादा पॉलिफिनॉलमुळे खाणाऱ्याचे आयुष्य वाढते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. पिकाचा वाण, काढणीची वेळ आणि काढल्यापासून ताटात येईपर्यंत गेलेले दिवस यांचाही पोषणमूल्यांवर मोठा प्रभाव पडतो.

कर्करोगाबद्दलचे दोन मोठे अभ्यास शेजारीशेजारी ठेवले की सावधपणा का हवा ते कळते. ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, सेंद्रिय खाणाऱ्यांत एकूण कर्करोग कमी आढळला नाही. सुमारे ६९,००० फ्रेंच प्रौढांच्या २०१८ मधील अभ्यासात मात्र सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्या गटात तो सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसला. महाग सेंद्रिय माल नेमाने घेणारी माणसे बहुधा अधिक शिकलेली आणि सुस्थितीतील असतात, ती फळभाज्याही जास्त खातात. संशोधक संख्याशास्त्राच्या आधारे हे घटक वेगळे काढण्याचा प्रयत्न करतात, पण ते पूर्णपणे वेगळे होतातच असे नाही.

आरोग्यदायी जीवनशैलीसाठी सेंद्रिय अन्नाकडे वळू पाहणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच क्रम उलटा लावू नये. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाण्याची शिफारस करते, आणि पोळी-भाताने भरलेल्या आपल्या ताटात ती क्वचितच पूर्ण होते. साध्या बाजारातील भाजी, उसळ, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि बेताचे मीठ-साखर यांच्या लाभाविषयीचा पुरावा सेंद्रियतेविषयीच्या पुराव्यापेक्षा कितीतरी जुना आणि ठोस आहे. सेंद्रियचा दर परवडत नाही म्हणून भाजीच कमी आणणे हा सर्वांत वाईट सौदा. सेंद्रिय साखर ही साखरच असते. सेंद्रिय गुळाचेही तसेच, आणि तिथे आणखी एक गफलत होते: गुऱ्हाळात रस उजळण्यासाठी हायड्रॉस पावडर न घालता भेंडीच्या चिकट रसाने मळी काढलेला काळसर गूळ अनेकदा सेंद्रिय म्हणून विकला जातो. तो रसायनाशिवाय बनवलेला असेल, पण त्यासाठीचा ऊस रासायनिक खतांवरही वाढलेला असू शकतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गिऱ्हाइकाने त्या वेगळ्याच विचाराव्यात.

जास्तीचा पैसा कुठे खर्च करावा, हे ठरवायला फवारणीचे शास्त्र थोडे माहीत हवे. स्पर्शजन्य औषधे पानाफळांच्या पृष्ठभागावर राहतात आणि धुण्याने बऱ्याच अंशी निघतात. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे रसातून झाडभर पसरतात. ती धुऊन जात नाहीत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील २०१७ च्या प्रयोगात सफरचंदावरील दोन औषधांचे पृष्ठभागावरचे अवशेष खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटे ठेवल्यावर निघून गेले, मात्र सालीत मुरलेला अंश तसाच राहिला. तेव्हा पालेभाज्या आणि सालीसकट खाण्याची फळे सेंद्रिय घेण्यात जितका अर्थ आहे, तितका केळी, फणस किंवा कांद्यात नाही.

द्राक्षाने हा धडा महाराष्ट्राला आधीच शिकवला आहे. २०१० साली युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक सापडले आणि नाशिकच्या बागायतदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर निर्यातीच्या मालाची तपासणी आणखी काटेकोर झाली. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, याचा हिशेब निर्यातक्षम बागेत डोळ्यांत तेल घालून ठेवला जातो. हीच शिस्त गावच्या बाजारात जाणाऱ्या वांग्याला आणि मेथीला लागली, तर सेंद्रिय न घेऊ शकणाऱ्या लाखो घरांचा फायदा होईल, आणि लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने मला ते काम अधिक निकडीचे वाटते.

सेंद्रिय शेतीत फवारणी होतच नाही, हा समजही टिकणारा नाही. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, ट्रायकोडर्मा बुरशी हे सगळे फवारलेच जाते. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण सेंद्रिय नियमांत मर्यादांसह चालते, आणि त्यातील तांबे जमिनीत साठत जाते. फरक पडतो तो फवारणाऱ्याला. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर रासायनिक कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ग्राहकाच्या पोटात मायक्रोग्रॅममध्ये जाणारे औषध त्यांच्या नाकातोंडातून आणि कातडीतून कितीतरी पटींनी अधिक गेले होते.

खरेदीच्या वेळी भरवसा कशावर ठेवायचा? पाकीटबंद मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहावे. त्यामागे २००१ पासूनचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम असतो, ज्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते, किंवा पीजीएस म्हणजे सहभागी हमी पद्धत असते, ज्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतो. रासायनिक शेतीतून बाहेर पडणाऱ्या शेताला हंगामी पिकांसाठी साधारण दोन आणि फळबागांसाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ पूर्ण करावा लागतो. पीजीएसमध्ये या काळातील मालावर ‘पीजीएस ग्रीन’ लिहिलेले असते. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट आहे, त्यामुळे आठवडी बाजारातील शेतकऱ्याकडे चिन्ह नसणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. त्याला किडीसाठी काय फवारता, शेवटची फवारणी कधी झाली, शेजारच्या शेतातील औषध वाऱ्याने येऊ नये म्हणून बांधावर काय लावले आहे आणि रासायनिक खत कोणत्या वर्षी थांबवले, एवढे विचारावे. जो खरोखर सेंद्रिय शेती करतो त्याच्याकडे या प्रश्नांची तपशीलवार उत्तरे असतात, आणि पावसाळ्यात काही भाज्या आपल्याकडे मिळणारच नाहीत, हेही तो आपणहून सांगतो.