व्हिज्युअल स्नो

व्हिज्युअल स्नो : संपूर्ण दृष्टिक्षेत्रात सतत हलणारे, लुकलुकणारे बारीक ठिपके दिसण्याचे लक्षण. सिग्नल गेल्यावर जुन्या टीव्हीच्या पडद्यावर मुंग्या यायच्या, तसे हे ठिपके असतात. पांढऱ्या भिंतीवर ते काळपट दिसतात, अंधारात पांढुरके. डोळे मिटल्यावरही अनेकांना ते दिसत राहतात.

एवढ्यावरून आजार ठरत नाही. क्रिस्टोफ शँकिन, पीटर गोड्सबी हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार ठिपके तीन महिन्यांहून अधिक काळ सतत दिसावे लागतात आणि जोडीला चारांपैकी किमान दोन तक्रारी असाव्या लागतात : वस्तू नजरेआड झाल्यावरही तिची प्रतिमा रेंगाळणे, उजेड सहन न होणे, रात्री नीट न दिसणे आणि डोळ्यातल्याच गोष्टी नेहमीपेक्षा ठळक दिसणे. अशा वेळी त्याला व्हिज्युअल स्नो सिंड्रोम म्हणतात. त्याआधी अशा रुग्णांवर लांबलेल्या अर्धशिशीचा किंवा अमली पदार्थांच्या परिणामाचा शिक्का बसे. अर्धशिशी असलेल्यांत हा विकार बऱ्याचदा आढळतो हे खरे. पण अर्धशिशीपूर्वीची दृश्य लक्षणे साधारण तासाभरात ओसरतात, हे ठिपके ओसरत नाहीत. अनेकांच्या कानातही सतत आवाज येत असतो.

चौथी तक्रार, म्हणजे डोळ्यातल्याच गोष्टी ठळक दिसणे, मोठी गमतीची आहे, कारण तिचे मूळ निरोगी डोळ्यातही असते. निरभ्र आकाशाकडे एकटक पाहिले की तेजस्वी बिंदू वळवळत पळताना दिसतात. डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या दृष्टिपटलावरील केशवाहिन्यांतल्या तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषतात, पांढऱ्या पेशी तो जाऊ देतात. पळणारे बिंदू म्हणजे या पांढऱ्या पेशींची वाट. तरंगणारे धागे आणि ठिपके ही डोळ्यातील जेलीसारख्या काचद्रवात साचलेल्या तंतूंची सावली असते. बहुतेकांचा मेंदू हे सारे गाळून टाकतो. या विकारात ती गाळणी सैल पडत असावी, असा एक तर्क आहे. मेंदूचा कोणता भाग किती काम करतो हे दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये दृश्य माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या भागात वाढलेली क्रियाशीलता आढळली आहे.

ब्रिटनमध्ये सामान्य लोकांच्या एका पाहणीत सुमारे २ टक्के जण सिंड्रोमच्या निकषांत बसले. लहानपणापासून असेच दिसत आलेल्या कित्येकांना सगळ्यांनाच तसे दिसते असे वाटते, त्यामुळे ते डॉक्टरांकडे जातच नाहीत. जे जातात त्यांची डोळ्यांची तपासणी सहसा निर्दोष निघते आणि तक्रार मनाचा खेळ ठरवली जाते. हे अन्यायकारक आहे.

या विकाराने अंधत्व येत नाही. खात्रीचा उपचार नाही. लॅमोट्रिजीन या औषधाचा थोड्यांना अंशतः उपयोग होतो, काहींना रंगीत भिंगांच्या चष्म्याने बरे वाटते. मात्र अचानक तरंगणारे ठिपके वाढले, प्रकाशाच्या चमका दिसू लागल्या किंवा नजरेवर पडदा आला, तर तो दृष्टिपटल सुटल्याचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.